तितिक्षा कोणी करावी?

वैशाख लागला म्हणजे आपल्या मंदिरात दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. गाभाऱ्यात देवाच्या अंगास चंदनाची उटी लागते, आणि सभामंडपात उन्हाविषयी वाद सुरू होतो. वयोवृद्ध मंडळींचे म्हणणे असे की, आमच्या वाडवडिलांनी शेतात, वीटभट्टीवर, गिरणीत जन्म काढला. त्यांना कोठे होते वातानुकूलन यंत्र? सोसण्याची सवय गेली म्हणून ऊन अधिक वाटते. तरुण मंडळी उत्तर देतात की, काळ बदलला, घरे बदलली, ऊनही बदलले. ज्याला परवडेल त्याने यंत्र बसवावे आणि स्वस्थ निजावे, यात पाप ते कसले? पहिल्या पक्षाच्या तोंडी गीता असते, दुसऱ्याच्या तोंडी डॉक्टर. हा वाद दरवर्षी पहिल्या पावसाबरोबर विझतो आणि पुढील चैत्रात पुन्हा पेटतो. आम्हांस वाटते, या वादाच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. सोसणे हा सद्गुण खरा. परंतु तो कोणी आचरावा आणि कोणास सांगावा?

प्रथम शास्त्राकडे पाहू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी शीत आणि उष्ण यांचा नामनिर्देश करून ही द्वंद्वे टिकाऊ नव्हेत, ती सहन करावीत, असा उपदेश केला आहे. हा उपदेश आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. परंतु तो कोणास उद्देशून आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो अर्जुनास आहे. रथात खाली बसलेल्या, कर्तव्य टाळू पाहणाऱ्या, अंगी सर्व सामर्थ्य असलेल्या पुरुषास आहे. 'सोस' या शब्दाचा तेथे अर्थ 'बसून राहा' असा नसून 'ऊठ आणि आपले काम कर' असा आहे. वेदान्तात तितिक्षा ही शमदमादी षट्संपत्तीत मोजली जाते, म्हणजे ती मोक्षाची इच्छा धरून निघालेल्या साधकाची मिळकत होय. आचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तर तितिक्षेचे लक्षण फार कडक आहे: प्रतिकाराच्या मागे न लागता आणि चिंता वा विलाप न करता दुःख सोसावे. हे लक्षण वाचून कोणी म्हणेल की, मग झालेच. पंखा नको, माठ नको, गच्चीवर पाणी शिंपडणेही नको! पण ज्याने हे व्रत घेतले त्याने ते स्वतःच्या देहापुरते घेतले, ही अट त्यात गृहीत आहे. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त पार्वती भर ग्रीष्मात चहूंकडे अग्नी पेटवून मध्ये बसते आणि वर सूर्याकडे दृष्टी लावते. ते तप तिचे होते, तिने आपण होऊन निवडले होते. तिने आपल्या सखींना अग्नीच्या मध्ये बसविले नाही. शिवाय गीतेच्याच सतराव्या अध्यायात, देहाला विनाकारण क्लेश देणारे घोर तप आसुरी वृत्तीचे म्हणून निंदिले आहे. म्हणजे निवडून केलेल्या तपालाही मर्यादा आहे. मग न निवडता अंगावर येऊन पडलेल्या तापाला तप म्हणणे कितपत योग्य?

आमच्या मते गोंधळ होतो तो येथेच. शास्त्राने स्वतःच्या दुःखाविषयी तितिक्षा सांगितली आणि परक्याच्या दुःखाविषयी दया सांगितली. आपण व्यवहारात या दोहोंची अदलाबदल करतो. स्वतःच्या उकाड्याची आपणांस दया येते, आणि परक्याच्या उकाड्यास आपण तितिक्षा सुचवितो.

नाथमहाराजांच्या दोन कथा या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाहीत, आणि गंमत अशी की त्या दोन्ही उन्हाच्याच आहेत. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरास निघालेले नाथ वाटेत वाळूत तडफडणारे एक गाढव पाहतात आणि कावडीतील पाणी त्याच्या मुखात ओततात. ही कथा आपण मुलांना सांगतो. दुसरी कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. पैठणास गोदावरीच्या वाळवंटात भर दुपारी, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातील एक लहान मूल तापल्या वाळूत एकटे पडून रडत होते. नाथांनी ते कडेवर घेतले, त्याचे तोंड पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोचविले. या दोन्ही कथांत वाळू तापलेली आहे, आणि नाथांचे पायही त्याच वाळूवर आहेत. स्वतःच्या पायांविषयी ते काही बोलत नाहीत. ती त्यांची तितिक्षा. गाढवाला किंवा त्या लेकराला त्यांनी शीतोष्णाचे तत्त्वज्ञान ऐकविले नाही.

आता आपल्या कोसाडकडे येऊ. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचे मूळ खानदेशात, धुळे-जळगाव-नंदुरबारकडे. तिकडचे ऊन आपण पाहिले आहे. भुसावळ-जळगावचा पारा सुरतेच्या किती तरी पुढे जातो. म्हणून येथे आलेला नवा माणूस प्रथम म्हणतो, 'हे काय ऊन! आमच्याकडे या एकदा.' आठवड्याने तोच मनुष्य म्हणतो की, येथे जीव घुसमटतो. दोन्ही खरे आहे. घाम वाळतो तेव्हा तो देहातील उष्णता घेऊन जातो. देहाची गार होण्याची मुख्य रीत हीच. खानदेशातील कोरड्या हवेत घाम पाहता पाहता वाळतो. समुद्राजवळच्या या तापीकाठच्या हवेत मुळातच वाफ भरलेली, त्यामुळे घाम अंगावर निथळत राहतो आणि अंग मात्र गार होत नाही. म्हणूनच भारतीय हवामान खात्याने उष्णतेची लाट ठरविताना मैदानी प्रदेशासाठी कमाल तापमान निदान ४० अंशांवर जावे असे म्हटले असले, तरी किनाऱ्यावरील ठाण्यांसाठी ३७ अंशांचा आकडा आणि नेहमीपेक्षा ४.५ अंशांची वाढ पुरेशी मानली आहे. गावाकडे ज्या वाळ्याच्या ताट्यांनी आणि पाण्याच्या कूलरने खोली गार होत असे, त्याच कूलरने येथे बंद खोलीत चिकचिक वाढते. कूलर लावावयाचाच तर खिडकी समोरासमोर उघडी पाहिजे. पंख्याचीही अशीच गोष्ट आहे. हवा ४० अंशांच्या पुढे तापली की पंख्याचा वारा देहाला तापवू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा वेळी अंगावर ओला पंचा घेऊन मग वारा घ्यावा. वाडवडिलांच्या युक्त्या खऱ्या होत्या, पण त्या त्यांच्या हवेसाठी, मातीच्या भिंती आणि धाब्याच्या घरांसाठी होत्या. सिमेंटच्या स्लॅबखालच्या खोलीला त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे वृद्ध मंडळींनी ध्यानी घ्यावे.

आणि ही स्लॅबखालची खोली आपल्या गावात कोणाच्या वाट्यास येते? कोसाडच्या आवास वसाहतीत तापीकाठच्या झोपड्यांतून हलविलेली कुटुंबे राहतात. अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास विचारा; दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. अमरोली-कोसाडच्या बाजूस यंत्रमागांचे कारखाने आहेत. तेथील कारागीर, ज्यांत ओडिशाचे बंधू फार, बारा बारा तासांच्या पाळीत यंत्रांच्या घरघराटात उभे असतात, आणि पाळी संपल्यावर पुष्कळदा एकाच खोलीत, एकाच अंथरुणावर दिवसपाळीचा रात्री आणि रातपाळीचा दिवसा असे निजतात. ज्यास दिवसा निजावे लागते त्याला भर दुपारची झोप पत्र्याखाली घ्यावयाची आहे. त्याच्या सोसण्याला आपण तितिक्षा म्हणू शकत नाही. त्याला निवड कोठे होती?

येथे वातानुकूलन यंत्राचा जन्म कसा झाला, हे सांगण्यासारखे आहे. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेच्या दमटपणाने कागद फुगून रंगांची छपाई सरकू लागली. विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आवरणारी योजना केली. आजच्या यंत्राचा उगम तेथला. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या गृहस्थाने 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच घडविला, तो कापडगिरण्यांतील हवा सूत कातण्यास योग्य करण्याच्या विद्येसाठी. म्हणजे हवा प्रथम कागदासाठी आणि सुतासाठी गार वा ओली करण्यात आली. ते सूत हाताळणाऱ्या माणसाचा विचार मागाहून झाला. कापडाच्या या शहरात राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट विशेष लागावी.

तरुण मंडळींचा प्रश्न मात्र टाळता येत नाही: यंत्र बसविण्यात पाप आहे काय? आमचे उत्तर सरळ आहे. नाही. घरात म्हातारे आईवडील असतील, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असेल, तान्हे मूल असेल, आणि ऐपत असेल, तर यंत्र बसवावे आणि त्यासाठी कोणाची क्षमा मागू नये. जो स्वतः गार खोलीत बसून इतरांना तितिक्षा शिकवितो, त्याच्यापेक्षा मुकाट्याने यंत्र लावणारा आम्हांस बरा वाटतो. तथापि या यंत्राचा एक धर्म लक्षात ठेवावा. ते उष्णता नाहीशी करीत नाही. आतली उचलून बाहेर टाकते, आणि तिच्यात स्वतःची भर घालते. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. बाहेरच्या पेटीचे तोंड समोरच्या घराच्या खिडकीकडे असेल, तर आपल्या खोलीतील गारवा शेजाऱ्याच्या उकाड्यातून विकत घेतलेला असतो, आणि त्या शेजाऱ्याजवळ यंत्र नसते. पेटी छपरावर किंवा मोकळ्या अंगास बसविण्यास थोडी अधिक नळी लागते, थोडा अधिक खर्च येतो. तो खर्च हा यंत्राच्या किमतीचाच भाग समजावा. त्याच घरातील म्हातारीला समोरच्या म्हातारीशी दुपारचे दोन तास आपल्या गार खोलीत घालवू द्यावेत, इतके जरी झाले तरी यंत्राचे सार्थक झाले.

घराच्या आतही हाच प्रश्न आहे, आणि तेथे तो अधिक अवघड आहे, कारण तेथे आपण सारे पुण्यवान असतो. पंखा कोठे असतो? बाहेरच्या खोलीत. चूल कोठे असते? आत. आचेवर वारा नको म्हणून स्वयंपाकघरात पंखा लावीत नाहीत, हे खरे. पण ज्योत विझते म्हणून ज्या सुनेने दीड तास घाम गाळून पोळ्या लाटल्या, तिने उठून बाहेर पंख्याखाली बसावे, अशी जागा तिच्यासाठी कोण सोडतो? कित्येक घरांत ती सर्वांची पाने झाल्यावर आतच जेवते. रात्री पुरुष आणि मुले गच्चीवर वाऱ्याला निजतात. बायकांना आडोसा नाही म्हणून त्या खाली तापल्या खोलीत राहतात. कामावर जाणाऱ्या भगिनींची आणखी एक अडचण आहे, जी उघड बोलली जात नाही: कामाच्या जागी शौचालय धड नसते, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे सोसणे कौतुकाने सांगण्यासारखे नसून घरच्या आणि मालकाच्या लाजेचे आहे. उन्हाळ्याचे दोन महिने पोळ्या सकाळी सातच्या आत उरकणे, रात्री खिचडी वा दशम्यांवर भागविणे, गच्चीवर एका बाजूस चादरी बांधून बायकांना जागा करणे, या गोष्टींस पैसा लागत नाही. सवय मोडावी लागते, आणि ती मोडणे पैशापेक्षा जड जाते.

उन्हाने माणसे मरतात हे आपणांस बातम्यांवरून ठाऊक असते, पण किती मरतात याचा अंदाज नसतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे अभ्यासकांनी हिशेब करून दाखविले. यांतील फार थोड्यांच्या दाखल्यावर 'उष्माघात' असे लिहिलेले असणार. म्हातारे माणूस रात्री झोपेत गेले, हृदय थांबले, एवढेच घरच्यांनी जाणले. या आघातानंतर २०१३ साली अहमदाबाद महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील ती पहिली. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावर होता. तो खाली हलविल्यावर उष्णतेने आजारी पडणाऱ्या नवजात अर्भकांची संख्या उतरली. यंत्र नाही, औषध नाही. केवळ तापल्या छपरापासून दूर नेले. गरीब वस्त्यांत छपरांवर चुन्याचा वा पांढऱ्या रंगाचा हात देण्याचे कामही तेथे झाले आहे. चुना आपल्या परिचयाचा आहे. आपल्या सभासदांपैकी जे वरच्या मजल्यावर राहतात, त्यांची गच्ची फाल्गुनातच पांढरी व्हावी.

१९९५ च्या जुलैत अमेरिकेतील शिकागो शहरी उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिचा मागोवा घेतला, तेव्हा असे आढळले की एकटी राहणारी वृद्ध माणसे अधिक गेली, आणि सारख्याच गरिबीच्या दोन वस्त्यांत जेथे रस्ते-दुकाने गजबजलेली होती, लोकांचे जाणे-येणे होते, तेथे माणसे अधिक वाचली. म्हणजे दार ठोठावणारा कोणी असणे हेही औषधच ठरले. आपल्या सभासद-यादीत एकटी राहणारी वृद्ध मंडळी कोण आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. लाटेच्या दिवसांत दुपारी एकदा आणि रात्री एकदा त्यांच्या दारी जावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग फार तापले, तोल जाऊ लागला, तर ते वयामुळे म्हणून सोडू नये. सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवून वारा घालावा, १०८ ला फोन करावा, आणि शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. गावाहून लग्न उरकून परत कामावर येणाऱ्यांनीही पहिला आठवडा जपावा. देहाला कामाच्या उष्णतेची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात, आणि रजेत ती सवय मोडते.

आता देवाकडे. पंढरपुरास चैत्र प्रतिपदेपासून मृग लागेपर्यंत श्रीविठ्ठलास चंदनउटी असते. महादेवाच्या पिंडीवर गळती बांधलेली असते. आपल्या ओडिया शेजाऱ्यांच्या जगन्नाथाची चंदनयात्रा अक्षय्यतृतीयेस सुरू होते, आणि ज्येष्ठ पौर्णिमेच्या मोठ्या स्नानानंतर तो देव चक्क तापाने आजारी पडतो आणि पंधरा दिवस दर्शन देत नाही. आम्हांस ही कल्पना फार हृद्य वाटते. देवाला ऊन लागत नाही हे कोण जाणत नाही? तरीही पूर्वजांनी देवाला ऊन लागते असे धरून उपचार रचले. त्यांनी देवाला तितिक्षा सांगितली नाही! आणि त्याच वेळी माणसासाठीही रचले. अक्षय्यतृतीयेस पाण्याने भरलेल्या कुंभाचे दान सांगितले. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावे घागर भरतो, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात पन्हे आणि आंब्याची डाळ आली. पन्ह्यात गूळ आहे तसे मीठही आहे, घामाने जे जाते तेच परत देणारे. पितरांची घागर भरून झाल्यावर रस्त्यावरील तहानलेल्यासाठी रांजण भरणे हा त्याच विधीचा उरलेला भाग आहे. पाणपोईवर दात्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि रांजण दुपारी रिकामा, असे मात्र होऊ नये. असे आम्ही पाहिले आहे.

शेवटी मंदिराच्या व्यवस्थेविषयी. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे पुरस्कार-समारंभासाठी लाखो श्रद्धाळू माणसे उघड्या मैदानात उन्हात बसली होती. त्यांतील १४ जण उष्माघाताने मरण पावले. ती सारी भक्तिभावाने आलेली, शिस्तीने बसलेली माणसे होती, आणि म्हणूनच कोणी उठून गेले नाही. श्रद्धा माणसाला सोसण्यास समर्थ करते. अशा वेळी तिचा भार आयोजकांवर येतो. आपला उत्सव लहान आहे, परंतु पालखी, भंडारा आणि दर्शनाची रांग आपणही दुपारी ठेवतो. मुहूर्ताचे विधी मुहूर्तावरच होतील. पंगती सूर्यास्तानंतर बसण्यास शास्त्राची हरकत नाही, आणि आचाऱ्यांनाही भट्टीपुढे दुपारी उभे राहावे लागणार नाही. प्रदक्षिणेच्या फरशीवर अनवाणी पाय भाजतात, तेथे काथ्याची पट्टी अंथरून ती भिजती ठेवावी.

सभामंडपात वातानुकूलन यंत्र बसविण्याची सूचना काही सभासद अधूनमधून करतात. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु यंत्र लावावयाचे तर मंडप बंद करावा लागेल, आणि बंद मंडपात कोणास घ्यावे नि कोणास नाही हा प्रश्न उभा राहील. मंडप उंच आहे, चारही बाजूंनी उघडा आहे, फरशी गार आहे, आणि बारा ते चार ही त्याची सर्वांत उपयोगाची वेळ आहे. नेमक्या त्याच वेळी आपण त्यास कुलूप लावतो, कारण देव विश्रांती घेत असतो. गाभाऱ्याचे दार लावावे. देवाची झोपमोड कोणी करू नये. मंडपाचे दार मात्र वैशाख-ज्येष्ठ उघडे राहावे. रातपाळी करून आलेला कारागीर, हातगाडीवाला, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई, ज्यास दोन तास अंग टेकावयाचे आहे त्याने ते टेकावे. त्याची जात, गाव, भाषा विचारू नये. चोरीचे भय असल्यास दानपेटी आत घ्यावी. दुपारी मंडपात बसण्यासाठी आळीपाळीने दोन सभासद हवेत, आणि रांजण दोनदा भरण्यासाठी एक. ज्यांस जमेल त्यांनी येत्या एकादशीपर्यंत पुजारीबुवांकडे आपले नाव आणि सोयीचा वार लिहून द्यावा.